सिंधू लिपी नि तारे: आधी एवढंच कर

अरे वा, मालवणातून कोणीतरी सिंधू संस्कृतीच्या न वाचता आलेल्या लिपीत तारे शोधायच्या नादाला लागलं! पण चिन्हांना हात लावायची घाई नको हां, आधी लॅपटॉपवर स्टेलॅरियम (कुठल्याही काळातलं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक नि कृत्तिका बघ, साधारण ४३०० वर्षांपूर्वी त्या वसंतसंपाताजवळ (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूजवळ) होत्या, आता तिथून ६० अंश लांब, कारण संपात ७२ वर्षांत एक अंश सरकतो, त्यामुळे आजचं पंचांग सिंधू काळाला लावू नको.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- स्टेलॅरियममध्ये इ.स.पू. २५०० साठी -२४९९ टाकायचं, कारण त्याच्या मोजणीत मध्ये शून्य वर्ष असतं.
- सिंधू लेख सरासरी पाचच चिन्हांचे, त्यांना कुठलंही आकाश बसतं! चिन्हं उलटसुलट करून परत आकाशाशी जुळतंय का बघ, तरीही जुळलं तर तो अर्थ सोडून दे.
- आपली कातळशिल्पं यात घुसडू नको, ती चित्रं आहेत, लिपी नव्हे.

बाकीचं नंतर, पावसाळाभर एवढं पुरे.