ब्लेझर या प्रकारच्या दीर्घिकेची (आकाशगंगेसारख्या तारासमूहाची) चमक रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत एकाच वेळी का मोजतात? एका दुर्बिणीने भागत नाही का?

नाही भागत. ब्लेझरच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळपास थेट आपल्याकडे रोखलेला असतो. त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ ते दृश्य, कधी क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश देतात. गॅमा किरण बहुधा तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना ऊर्जा देऊन तयार करतात. हे दोन्ही प्रकारचे प्रकाश एकत्र उसळले, तर उगम एकच असण्याची शक्यता वाढते. रेडिओ उसळी मात्र बऱ्याचदा मागाहून येते, कारण झोताचा आतला भाग रेडिओ लहरींना अपारदर्शक असतो.

मला सर्वांत थक्क करतो तो पीकेएस २१५५-३०४ हा ब्लेझर. २८ जुलै २००६ च्या रात्री नामिबियातल्या हेस या गॅमा किरण दुर्बिणींना त्याचे गॅमा किरण तीनेक मिनिटांत दुप्पट होताना दिसले. सूर्याच्या अब्जपट वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या आकाराएवढं अंतर कापायला प्रकाशालाच काही तास लागतात! म्हणजे चमकणारा भाग फार छोटा हवा आणि प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ आपल्याकडे धावणारा हवा. तेव्हाच बदल इतके झटपट दिसतात.

२०१५ साली सोडलेला आपला भारताचा खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी टिपतो. त्याची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.