फोनवरचं 'बंद'

प्रिय पोरा,

परवा तू अंगणात बसला होतास. चहा निवून गेला, तरी कप उचलला नाहीस. फाटकातून बाहेर पडताना म्हणालास, "काका, मी नियमासाठी थांबलो का भेवानं थांबलो, हे मलेच समजून नाही राह्यलं." तेव्हा मी काही बोललो नाही. बोललो असतो तर रागानं बोललो असतो, म्हणून हे पत्र.

मृगाचं वारं सुटलं, बाभळीची फांदी अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारांवर पडली, तारांना जोडणारा जंपर तुटला, तीन गावं अंधारात. डीपीजवळ, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, पन्नास माणसं जमली. तुझ्या जोडीदार लाइनमननं सबस्टेशनला फोन लावला, पलीकडून "बंद केली" असं आलं आणि तो तुला म्हणाला, "चढ नं बे." तू परमिट, म्हणजे काम करायची लेखी परवानगी मागितलीस, तारा जमिनीला जोडायचा डिस्चार्ज रॉड मागितला. रॉड दुसऱ्या गाडीत होता. तू चढला नाहीस. तो चढला, दहा मिनिटांत जंपर जोडून उतरला, गावात लाइट आली आणि तू साऱ्यांसमोर भित्रा ठरलास. लाइन खरंच बंद होती, म्हणून आता तुला वाटतं की आपलंच चुकलं.

इथं मला तुझा राग येतो. लाइन बंद निघाली यानं काय ठरलं? ती बंद आहे हे सबस्टेशनातल्या ऑपरेटरला माहीत होतं. खांबाखाली उभ्या असलेल्या तुला ते माहीत नव्हतं. लाइन तोडणाऱ्या एबी स्विचची तिन्ही पाती उघडलेली तू डोळ्यांनी पाहिली नाहीस, टेस्टर लावला नाहीस, तिन्ही तारा रॉडनं जमिनीला जोडून अर्थ केल्या नाहीस, तोवर ती लाइन चालूच. फोनवरचं बंद हे बंद नसतं.

बरं, समज ऑपरेटरनं बरोबर फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी बरोबर लाइन, बंद पाडला. तरी काय? आयटीआयमध्ये ट्रान्सफॉर्मर शिकलास ना? ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारा डीपी उलटाही चालतो. गावात लग्न असलं की मंडपवाला जनरेटर आणतो आणि चेंजओव्हर स्विचनं घर लाइनपासून न तोडता सरळ घरच्या बोर्डात वायर खुपसतो. डीपीचे फ्यूज काढलेले नसले की तेच २३० व्होल्ट मागून आत शिरतात आणि वर तुझ्या हाताशी अकरा हजारांच्या घरात जाऊन निघतात. वावरात तर आपल्या डीपीचा फ्यूज गेला की शेजारच्या डीपीवरून वायर ओढतात. त्या माणसाला मी शिव्या देणार नाही. रात्रीच्या पाळीच्या थ्री फेजवर हरभऱ्याला पाणी द्यायला वाघाच्या मुलखात टॉर्च घेऊन जाणारा माणूस आहे तो. आता छपरावर सोलर आलं. लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, तसा बनवलेलाच असतो. तरी अर्थ कर. शेजारून दुसरी चालू लाइन जात असली की बंद तारेतही व्होल्टेज उतरतं. तेव्हाही अर्थ कर. आधी जमिनीकडचं टोक लाव, मग तारेचं. काढताना उलट. हे झोपेतही चुकता कामा नये.

माझं तुला अर्धंच माहीत आहे. भारनियमनाचे दिवस होते. वीज आपल्या कोराडीत आणि चंद्रपुरात तयार व्हायची, कोळशाचा धूर आपण खायचा आणि गावात अर्धा दिवस लाइट नसायची. त्यात ब्रेकडाउन झालं की लोक ऑफिसला कुलूप ठोकायला निघत, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. अशाच एका पावसाच्या रात्री मी फोन लावला. सबस्टेशनातून निघणाऱ्या दोन फीडरच्या गावांत फरक फक्त बुद्रुक आणि खुर्द एवढाच. मी खुर्द म्हणालो. पलीकडे पावसाच्या आवाजात काय ऐकू गेलं देव जाणे. "बंद," असं उत्तर आलं. मी जोडीदाराला म्हणालो, चढ. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीत चूक ऑपरेटरची धरली. मी गप्प राहिलो आणि सुटलो. डिस्चार्ज रॉड माझ्या मोटारसायकलला बांधलेला होता. दोरी ओली होऊन आवळली होती, ती सोडायचा मला कंटाळा आला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी तरी काय करायला हवं होतं, असं स्वतःला हजारदा विचारलं. लोक अंगावर येत होते, साहेबाचे फोन चालू होते, सगळे तसंच करत होते. हे सगळं खरं आहे. पण दोरी सोडायला दोन मिनिटं लागली असती, हेही खरं आहे.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी परमिट आणि अर्थिंगशिवाय खांबाला हात लावला नाही. तीन मेमो घेतले, दोन बदल्या झाल्या, त्यातली एक पोरीच्या बारावीच्या वर्षात. एकदा माझ्या थांबण्यानं गावच्या डेअरीचं दूध नासलं आणि ते लोकांनी माझ्या दारात आणून ओतलं. तुझी काकू आजही म्हणते, तुमच्या हट्टापायी घरादाराचे हाल झाले. झाले असतील. पण माझ्यासोबत काम केलेला एकही पोरगा पुन्हा भाजला नाही. मोठेपणा मिरवायला सांगत नाही. नाही, सांगतोच. तेवढंच आहे माझ्याजवळ.

थकलेल्या बिलांच्या वसुलीचं विचारलंस, ते सोपं आहे. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस गेली आहे का ते आधी बघ, मग कनेक्शनला हात लाव. आणि सोयाबीन विकल्यावर माणूस पैसे आणून देतो, तेवढी माणुसकी बोलण्यात ठेव.

बँकेची परीक्षा द्यायची म्हणतोस, तर दे. पण त्या डीपीजवळच्या पन्नास माणसांनी तुला हाकललं म्हणून देऊ नको. कायम होण्याआधीची विद्युत सहायकाची तीन वर्षं म्हणजे मानधन थोडं आणि 'नाही' म्हणायची सोय त्याहून थोडी, हे मला ठाऊक आहे. तरी 'नाही' म्हण. भेवानं थांबलास की नियमानं, याचा हिशेब कशाला मांडतोस? भेव वाटलं तर बरंच आहे. मला त्या रात्री ते वाटलं नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी ये. माझ्या त्या जोडीदाराच्या गावाला जाऊ. दर पोळ्याला मी जातो, तो डाव्या हातानं बैलांना झूल घालतो, मी जवळ उभा राहतो, पण रॉडचं अजून सांगितलेलं नाही. तू सोबत असलास तर या वेळी सांगेन. येताना तुझा रॉड घेऊन ये. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ठेवली आहे, ती गाडीवर लावून देतो. एका ओढीत सुटते. दोरीनं बांधत जाऊ नको.

तुझा,
काका