मराठी अक्षरं बिघडली, व्हिडिओ काळा पडला

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्ष उत्पादकांची कंपनी आहे. नाशिकच्या एका सभागृहात तीसेक खरेदीदारांपुढे सादरीकरण केलं. तिथल्या लॅपटॉपवर मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली, पॅकहाऊसच्या व्हिडिओचा आवाज आला पण चित्र काळं राहिलं, आणि मागच्यांना तक्ता वाचता आला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. काय करावं?

उत्तर : पहिल्या दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच. फाइल तुमच्या लॅपटॉपवर चालली, म्हणून तिथेही चालेल असं धरलंत.

मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे. असा फाँट नसलेल्या लॅपटॉपवर मुळातली इंग्रजी अक्षरंच दिसतात. नुसता फाँट बदलून भागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करा, नाहीतर नव्याने टाइप करा. मंगल किंवा निर्मला फाँट चालेल. रूपांतरानंतर रफार आणि ‘शेतकऱ्यां’मधला ऱ्य डोळ्यांनी तपासाच, तिथे हमखास चूक राहते. सोबत पीडीएफही ठेवा.

आवाज येतो पण चित्र नाही, म्हणजे मोबाइलने एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात चित्रण केलं असणार. त्याचा कोडेक, म्हणजे तो व्हिडिओ उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक विंडोजवर नसतो. व्हिडिओ एच.२६४, एमपी४ करून घ्या आणि स्लाइडवर नुसती लिंक न देता तो फाइलमध्येच घाला. मोबाइल आडवा धरून काढलेली चाळीस सेकंदं पुरतात. पॅकहाऊसमधला गोंगाट ऐकवण्यात अर्थ नाही. आवाज बंद ठेवून स्वतः बोला, म्हणजे स्पीकरच्या वायरीची कटकटही उरत नाही.

आता तक्ता. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ४ फुटी पडदा असेल तर २४ फूट. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, कारण मराठीत मात्रा आणि जोडाक्षरं आधी मिटतात. फिकट हिरवा रंग उजेडात उडून जातो, गडद निळा टिकतो. बारा रकाने तर नकोतच: १६ आणि १८ मिलिमीटर मण्यांचा माल किती टक्के, एवढेच दोन ठळक स्तंभ. रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे द्राक्षांतल्या कीडनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल, छापून हातात द्या. तो पडद्यावर कोणी वाचत नाही.

आणि खरा माल दाखवा! पनेट (द्राक्षं भरायची छोटी प्लास्टिक डबी), मणी मोजायची रिंग आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) टेबलावर ठेवा. खरेदीदाराने स्वतः रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, पाहिला, की गोडीवर वेगळी स्लाइड लागत नाही. तेवढा वेळ कीबोर्डवर इंग्रजी ‘बी’ दाबून पडदा काळा ठेवा, म्हणजे नजरा द्राक्षांवर राहतील. पुन्हा ‘बी’ दाबलं की स्लाइड परत येते.