हौस तुमची, वर्षं मुलाची

प्रश्न : आम्ही सोलापूरचे, घरी तेलुगू बोलतो. माझे टॉवेलचे लूम आहेत, पण या धंद्यात आता राम राहिला नाही. मुलगा बारावी सायन्स 63 टक्क्यांनी पास झाला, सीईटीत फार काही जमलं नाही. तेलुगू सिनेमा आज जगभर चालतो, एकेक पिक्चर हजार कोटी करतो. म्हणून मुलाला हैदराबादला व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर सिनेमाची दृश्यं घडवण्याच्या, दोन वर्षांच्या डिप्लोमाला घालायचं ठरवलं आहे. फी सहा लाख, शंभर टक्के प्लेसमेंट. वीस हजार टोकन भरलं, बाकीच्यासाठी घरावर कर्ज काढतोय. मुलगा बी.कॉम. करतो म्हणतो, पण त्यात काय आहे? सध्या तो फारसा बोलत नाही. तेलुगू सिनेमाची ही चलती पुढची दहा-पंधरा वर्षं टिकेल का, एवढंच सांगा.

उत्तर :

नमस्कार. सिनेमाबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर पुढे देतो. आधी तुमच्या पत्राबद्दल. त्यात फीचा आकडा आहे, टोकनचा आहे, पिक्चरच्या कमाईचा आहे. मुलाबद्दल मात्र तीनच गोष्टी कळतात : मार्क, बी.कॉम. आणि तो फारसा बोलत नाही. तो चित्रं काढतो का? रात्री जागून मोबाइलवर व्हिडिओ कापत बसतो का? पिक्चर बघून आल्यावर तो सीन कसा केला असेल याचा शोध घेतो का? एकही ओळ नाही. ज्याला खरोखर व्हीएफएक्समध्ये जायचं असतं, त्या अठरा वर्षांच्या पोराच्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट केलेल्या गोष्टींचा ढीग असतो आणि घरच्यांचं डोकं त्यानं त्याबद्दल बोलून खाल्लेलं असतं. तुमचा मुलगा गप्प आहे.

सहसा पत्रं उलटी येतात. पोराला सिनेमात जायचं असतं आणि वडील इंजिनिअरिंगवर अडून बसलेले असतात. तुमच्याकडे वडीलच सिनेमाकडे ढकलताहेत, म्हणून हा दबाव आहे हे तुमच्या लक्षात आलं नसावं. आई-बाप नाही म्हणाले तर मुलाला निदान भांडता तरी येतं. बाप हौसेनं हो म्हणतोय, वर घर गहाण टाकायला निघालाय, अशा वेळी 'मला नको' म्हणणं फार अवघड. मग पोरं मान डोलावतात, दोन वर्षं काढतात आणि परत येतात. कर्ज मात्र राहतं.

आता सिनेमा. तेलुगू सिनेमा कुठेही जात नाही. आंध्र आणि तेलंगणात पिक्चर थिएटरात जाऊन बघायची सवय अजून पक्की आहे, आणि संक्रांतीला नवा पिक्चर हा तिथे सणाचाच भाग आहे. बाहेरचा प्रेक्षकही एका रात्रीत मिळालेला नाही. हिंदीत डब केलेले तेलुगू पिक्चर वर्षानुवर्षं टीव्हीवर आणि यूट्यूबवर फुकट दिसत होते. हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्समधल्या शहरी माणसाकडे वळला, तेव्हा राहिलेला मोठा प्रेक्षक या पिक्चरांनी धरला. त्या मशागतीवर 2015 आणि 2017 मध्ये 'बाहुबली'चे दोन भाग उभे राहिले. पुढे 2022 चा 'आरआरआर', 2023 मध्ये त्यातल्या 'नाटू नाटू'ला ऑस्कर, आणि डिसेंबर 2024 मध्ये 'पुष्पा 2'. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

पण त्याच 2022 मध्ये 'राधे श्याम' आणि 'आचार्य' आपटले. त्या ऑगस्टमध्ये खर्च हाताबाहेर चालला म्हणून निर्मात्यांनी स्वतःच चित्रीकरणं थांबवली होती. जानेवारी 2025 मध्ये 'गेम चेंजर' पडला, जुलैत 'हरि हर वीर मल्लू'. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही राज्यांतल्या थिएटरवाल्यांनी 1 जूनपासून पडदे बंद करायचा इशारा दिला, कारण त्यांना ठरावीक भाड्याऐवजी कमाईत टक्का हवा होता. ऑगस्टमध्ये कामगार फेडरेशननं 30 टक्के वेतनवाढीसाठी संप केला आणि अडीच आठवडे काम ठप्प झालं. ओटीटीवाले पूर्वीसारखे डोळे मिटून पैसे देत नाहीत. एक मोठा पिक्चर तयार व्हायला तीन-तीन वर्षं लागतात, तोवर खासगी फायनान्सचं व्याज चढत राहतं. म्हणजे सिनेमा टिकेल, पण दरवर्षी चार-पाच अवाढव्य पिक्चर निघतील आणि ते देशभर चालतील, याची खात्री हैदराबादेतला कुठलाही निर्माता देणार नाही. 2024 च्या संक्रांतीला कमी खर्चातला 'हनुमान' मोठमोठ्या पिक्चरांना मागे टाकून गेला. पुढचा रस्ता तसल्या पिक्चरांचा असेल असं मला वाटतं. त्यात व्हीएफएक्स असेल, पण पैसा मोजून-मापून असेल.

हजार कोटींचा तुमचा हिशेब मात्र साफ चुकतोय. पोस्टरवरचे हजार कोटी हा तिकिटांचा एकूण गल्ला. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी. तो काढला की साधारण 847 कोटी उरतात. त्यातले निम्म्याच्या आसपास थिएटरवाल्याचे. मल्टिप्लेक्सच्या करारात पहिल्या आठवड्यात निम्मे-निम्मे आणि पुढे दर आठवड्याला निर्मात्याकडचा वाटा घटत जातो. म्हणजे चारशे कोटींच्या आत-बाहेर. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरात, व्याज आणि हीरोचं मानधन. हे सगळं झाल्यावर काय उरतं ते निर्मात्याचं. व्हीएफएक्सवाल्याचा या कशातच वाटा नसतो. त्याच्या स्टुडिओनं शॉटच्या हिशेबानं बोली लावलेली असते, रक्कम पिक्चर लागायच्या कितीतरी आधी ठरलेली असते, आणि अनेकदा तीही हप्त्याहप्त्यानं, रेंगाळत येते. पिक्चर हजार कोटी करो की पडो, शॉट करणाऱ्या पोराचा पगार तोच. रिलीजची तारीख संक्रांतीची असेल तर डिसेंबरभर रात्रपाळी, एवढा मात्र त्याचा पिक्चरशी थेट संबंध. लूम चालवणारे तुम्ही. एक्स्पोर्टरनं टॉवेल परदेशात कितीला विकला यावर जॉबवर्कचा दर ठरत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. तुमच्या धंद्याची दुखणी तुम्हाला आतून माहीत आहेत : सुताचा भाव, वीजबिल, अडकलेली उधारी. सिनेमाची दुखणी माहीत नाहीत, म्हणून तिकडे सगळं झगमगीत दिसतं. एका डळमळीत धंद्यातून पोराला काढून तुम्ही दुसऱ्या डळमळीत धंद्यात घालताय, आणि त्यात तुमची ओळखही नाही, पतही नाही.

व्हीएफएक्समध्ये नवखा मुलगा काय करतो, तेही ऐका. पहिलं काम बहुधा रोटोचं. शॉटमधल्या माणसाची कड फ्रेम-दर-फ्रेम कोरून काढायची, म्हणजे मागे राजवाडा बसवता येतो. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 फ्रेम. शिकाऊ पोरं पूर्ण माणसाभोवती एकच आकार ओढतात आणि तिथेच फसतात. माणूस चालू लागला की ती कड उकळल्यासारखी थरथरते. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, प्रत्येक बोट असे वेगवेगळे आकार करावे लागतात. आधी हालचालीच्या टोकाच्या फ्रेम धरायच्या, मग मधल्या. हात जोरात फिरला की त्याची कड धूसर होते, ती धूसरच ठेवावी लागते. सुटे केस तर जीव खातात. हे काम दिवसाला आठ-दहा तास, दीड-दोन वर्षं. त्यानंतर कंपोझिटिंग, म्हणजे असे सुटे तुकडे एका चित्रात बेमालूम जोडणं, वगैरेकडे सरकता येतं. सुरुवातीचा पगार बहुधा वीस हजारांच्या आत. उरलेल्या पाच लाख ऐंशी हजारांचं कर्ज 11 टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलंत, तर हप्ता दरमहा साधारण 9,900 रुपये. हैदराबादेत जेवणासह पीजीचे सात-दहा हजार. बाकी काय राहिलं ते तुम्हीच काढा.

शिवाय एआयनं आधी खायला घेतलंय ते नेमकं हेच काम : रोटो, शॉटमध्ये दिसणाऱ्या वायर पुसणं, चित्रावरचे ठिपके साफ करणं. याच पायरीवरून नवखी पोरं वर चढत होती. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर ही जगभर पसरलेली व्हीएफएक्स कंपनी कोसळली. तिची बंगळुरू आणि मुंबईची ऑफिसं बंद पडून हजारो अनुभवी माणसं नोकरी शोधायला बाहेर आली. दोन वर्षांच्या डिप्लोमावाल्या मुलाला त्यांच्याच रांगेत उभं राहायचंय.

'शंभर टक्के प्लेसमेंट'चं थोडक्यात : कुठे, किती पगारावर आणि सहा महिन्यांनंतर किती जण तिथेच होते, हे लेखी मागा. मागच्या बॅचमधल्या तिघांचे फोन मागा आणि फोन मुलानं करावेत, तुम्ही नाही. डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा, तेही विचारा. मान्यताप्राप्त कोर्स असेल तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. तुमच्यावर घर गहाण टाकायची वेळ का आली, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

मुलाला हे क्षेत्र मनापासून हवं असतं, तर घर गहाण न टाकताही वाटा होत्या : हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स विद्यापीठात ॲनिमेशनचं बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) आहे, एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, आणि पुण्याच्या एफटीआयआयचा तीन वर्षांचा फिल्मचा कोर्स पदवीनंतरच करता येतो, बारावीवर नाही. तुमच्या घरातली तेलुगूही कामाची आहे. 'पुष्पा'ला हिंदीत श्रेयस तळपदेचा आवाज आहे आणि 'बाहुबली'ला शरद केळकरचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण ते संवाद कुणीतरी बसवून लिहावे लागतात. पडद्यावरचे ओठ प, ब, म ला मिटतात, तिथे हिंदीतही तसंच अक्षर यावं लागतं. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात, म्हणून वाक्याच्या शेवटी तोंड उघडं राहतं. तिथे 'हम' किंवा 'सब' आलं की लगेच उघडं पडतं. तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही जिभेवर असलेल्या मुलाला हे लवकर जमू शकतं. मात्र त्याला तेलुगू नुसती बोलता येऊन भागणार नाही, वाचताही यायला हवी. हे सुटं काम आहे, बांधलेल्या पगाराचं नाही. आणि कृपा करून उद्यापासून त्याच्या मागे हेही लावू नका.

'बी.कॉम.मध्ये काय आहे?' असं तुम्ही विचारता. त्यात तुमच्या मुलानं स्वतः केलेली निवड आहे, आणि पत्रातली तेवढी एकच गोष्ट त्याची आहे. सायन्सनंतर बी.कॉम.ला जाता येतं, सोबत सीए फाउंडेशन किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) करता येतं. त्याला ते का हवंय, हे तुम्ही विचारलंय का? कदाचित मित्र जातोय म्हणून असेल. कदाचित तुमची जीएसटीची बिलं आणि ई-वे बिलं तोच करत असेल आणि त्यात त्याला गती असेल. पहिलं असेल तर त्याच्याशी बोलायला जागा आहे. दुसरं असेल तर तुमच्या कारखान्यातली एक चांगली गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. विचाराल तेव्हा हैदराबादचं नाव काढू नका, आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू द्या.

त्याच्या मनातही व्हीएफएक्स असण्याची थोडी शक्यता धरून एक बिनखर्ची परीक्षा सांगतो, पण ती त्यानं मागितली तरच. मोबाइलवर घरातल्या कुणाचा चालतानाचा चार सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा; मोबाइल सहसा सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे 120 फ्रेम झाल्या. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मास्क (कडेनं ओढायचे आकार) टाकून तो माणूस वर सांगितल्याप्रमाणे तुकड्या-तुकड्यांनी कोरायचा आणि मागे भडक हिरवा किंवा लाल रंग लावून कड तपासायची. चार-पाच दिवस लागतील. पाचव्या दिवशी कोपराची थरथर घालवायला तो आपणहून परत बसला, तर पुढचं बोलू. तिसऱ्या दिवशी उठला, तर सहा लाख वाचले.

घरावरचं कर्ज आजच थांबवा. टोकनच्या पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलेलं असलं तरी प्रवेश रद्द करत असल्याचं ईमेलनं तारखेसह लेखी कळवा आणि रक्कम परत मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. ते वीस हजार बुडालेच, तर तिथेच सोडा. ते वसूल करायला पाच लाख ऐंशी हजार घालू नका. बी.कॉम.च्या प्रवेशाला उशीर करू नका, चांगल्या कॉलेजांतल्या अनुदानित तुकड्या आधी भरतात. फॉर्म त्याला स्वतःला भरू द्या, आणि ओटीपीसाठी मोबाइल नंबरही त्याचाच टाका.