फिक्स्ड पॉइंट म्हणजे 'स्थिर बिंदू' की 'अचल बिंदू'? आणि इटरेशनला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की फंक्शनल ॲनालिसिसच्या (फलनांच्या अवकाशांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा) नोट्स मराठीत करताना 'फिक्स्ड पॉइंट' साठी स्थिर बिंदू, निश्चित बिंदू आणि अचल बिंदू असे तीन शब्द सापडले, त्यातला कुठला घ्यावा. शिवाय 'इटरेटिव्ह ॲप्रॉक्झिमेशन' चं, म्हणजे आलेलं उत्तर परत परत आत घालत खऱ्या उत्तराच्या जवळ जाण्याचं, 'पुनरावृत्ती अंदाज' केलेलं वाचून हसू आलं, तर याला काही बरं मराठी आहे का.

आधी निश्चित बिंदू बाजूला काढू. निश्चित म्हणजे नक्की, ठरलेला. इथे कोणी काही ठरवलेलं नाहीये, उलट तो बिंदू कुठे आहे हेच शोधायचं असतं.

खरं भांडण स्थिर आणि अचल यांचं. माझं मत अचल बिंदू, आणि ते नुसतं कानाला बरं लागतं म्हणून नाही. फिक्स्ड पॉइंट म्हणजे काय, तर फलनात (फंक्शनमध्ये) जे घातलं तेच बाहेर आलं, फलनाने बाकी सगळ्यांना इकडून तिकडे हलवलं पण हा एक बिंदू जागचा हलला नाही. एवढंच. तो शेजारच्या बिंदूंना स्वतःकडे ओढतो की लांब ढकलतो याबद्दल व्याख्या अवाक्षर काढत नाही. आणि 'स्थिर' मध्ये नेमकं ते येऊन बसतं, कारण स्थिर समतोल, अस्थिर समतोल हे आपण शाळेपासून वाचलेलं असतं.

साधं फलन घ्या, संख्येचा वर्ग करा. ० चा वर्ग ०, १ चा वर्ग १, म्हणजे दोन्ही फिक्स्ड पॉइंट. आता १ च्या अगदी खेटून ०.९९ पासून सुरू करा आणि वर्गाचा परत वर्ग करत दहा वेळा जा, उत्तर येतं साधारण ०.००००३४. तेच १.०१ पासून केलं तर दहाव्या वेळी साडेसव्वीस हजारांच्या वर. म्हणजे १ स्वतः हलत नाही पण त्याच्या आसपास कोणी टिकत नाही, टोकावर उभी केलेली पेन्सिल असते ना तसं. याला 'स्थिर बिंदू' म्हटलं की पुढच्याच पानावर 'अस्थिर स्थिर बिंदू' लिहायची पाळी येते आणि वाचणारा म्हणतो अहो एकदा काय ते ठरवा. 'अस्थिर अचल बिंदू' मध्ये तसं काही खटकत नाही. त्यात परत आलेखावर जिथे चढ-उतार शून्य होतो त्या स्टेशनरी पॉइंटलाही काही जण स्थिर बिंदू म्हणतात, तो घोळ वेगळाच.

अचल वर एक आक्षेप मला मान्य आहे. गणितात 'चल' म्हणजे व्हेरिएबल, म्हणून अचल वाचल्यावर कॉन्स्टंट आठवू शकतो. पण त्यासाठी 'स्थिरांक' चांगला रुळलेला आहे, त्यामुळे जागा मोकळी आहे. आणि चळणे हे क्रियापद आपलंच आहे, 'जराही चळला नाही' म्हणतो तेव्हा कोणीतरी हलवायचा प्रयत्न करून पाहिला होता हे त्यात आलंच.

तुमचा आणखी एक मुद्दा होता की यातला 'बिंदू' तरी बिंदू कुठे असतो. बरोबर पकडलंत! फंक्शनल ॲनालिसिसमध्ये बिंदू म्हणजे बऱ्याचदा अख्खं फलन. पिकार्डने १८९० मध्ये डिफरन्शियल समीकरणांसाठी वापरलेली रीत बघा. असं फलन हवंय ज्याचा बदलाचा दर त्या फलनाइतकाच आहे आणि ० पाशी किंमत १ आहे. हेच वेगळ्या शब्दांत सांगायचं तर फलनाचं ० पासून क्ष पर्यंत इंटिग्रल घ्या, त्यात १ मिळवा, तेच फलन परत मिळालं पाहिजे. सुरुवात १ या सपाट फलनापासून केली की मिळतं १ + क्ष, ते परत आत घातलं की १ + क्ष + क्ष वर्ग भागिले २, मग क्ष घन भागिले ६ ची भर, आणि असं करत करत आपण ई च्या क्ष घाताकडे जातो. तो अख्खा आलेख इथे एक 'अचल बिंदू' आहे. तरी बिंदू शब्द बदलू नका. अनेक फलनं एका अवकाशात मांडून त्यांच्यातलं अंतर मोजायचं ही यातली कल्पनाच आहे, आणि अंतर दोन बिंदूंमध्येच मोजतात ना.

आता इटरेशन. पुनरावृत्ती मला पटत नाही कारण त्यात तेच ते परत होतं. इथे कृती तीच असते पण माल दर वेळी नवा, आधीचं उत्तर परत आत जातं. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून १ टाका आणि कॉसचं बटण दाबत बसा: ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४... वरखाली उड्या मारत शेवटी ०.७३९०८५ वर येऊन थांबतो, मग कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. यातली एकही पायरी आधीच्या पायरीची पुनरावृत्ती नाही, आणि जेव्हा खरोखर पुनरावृत्ती सुरू होते तेव्हा आपलं काम संपलेलं असतं.

'आवर्तन' सुचवणारेही भेटतात. छान शब्द आहे पण आवर्तन म्हणजे फिरून मूळ जागी येणं, आवर्ती दशांश मध्ये तेच आकडे फिरून येतात तसं. आणि गंमत अशी की इटरेशनचं खरंच आवर्तन झालं तर ते फसलेलं असतं! एक चकती तिच्या केंद्राभोवती ९० अंशांनी फिरवा. केंद्र अचल बिंदू आहे, दुसरा कुठलाच नाही. पण काठावरचा बिंदू चार वेळा फिरून आपल्या घरी परत, परत चार, परत घरी, केंद्राकडे जायचं नाव नाही. फिरवण्याने अंतरं वाढत नाहीत पण कमीही होत नाहीत ना, त्याचा हा परिणाम. मग युक्ती अशी की नव्या जागी पूर्ण जायचंच नाही, जुनी जागा आणि नवी जागा यांच्या बरोबर मध्ये थांबायचं. केंद्रापासून १ अंतरावर असलेला बिंदू आता ०.७०७१ वर येतो, पुढे ०.५, मग ०.३५३६, गोल गोल फिरत का होईना पण आत. क्रास्नोसेल्स्की या गणितज्ञाने १९५५ मध्ये हे अर्धं-अर्धं वापरलं, त्याआधी १९५३ मध्ये मान (Mann) नावाच्या गणितज्ञाने सरासरीचं प्रमाण पायरीगणिक बदलू देणारी जास्त व्यापक रीत दिली होती, आणि १९७४ मध्ये इशिकावाने एका पायरीत दोनदा सरासरी काढायची रीत दिली. नोट्समध्ये ही नावं पुढे येतीलच.

मग शब्द कुठला? एकेका पायरीला मी सरळ 'फेरी' म्हणतो. पहिल्या फेरीत अमुक, तिसऱ्या फेरीत तमुक, ऐकणाऱ्याला समजावून सांगायला लागत नाही. पण अख्ख्या पद्धतीला जुना, तयार शब्द आहे आणि तो आपण विसरलोय याचं मला फार वाईट वाटतं: असकृत्. सकृत् म्हणजे एकदा. 'सकृद्दर्शनी' आपण रोज पेपरात वाचतो, एकदा पाहता क्षणी, त्यातला सकृत् हाच. असकृत् म्हणजे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. ज्योतिषगणितात अशा रीतीला असकृत्कर्म म्हणायचे.

त्याचा जोडीदार शब्द तर अजून भारी, अविशेष. इथे विशेष म्हणजे फरक. सातव्या शतकातला पहिला भास्कर (लीलावतीवाला नव्हे, तो पाचशे वर्षांनी नंतरचा) ग्रहाचा मंदकर्ण (मंदवृत्त या छोट्या वर्तुळाच्या मदतीने काढायचं ग्रहाचं अंतर) काढताना अडचणीत येतो, कारण कर्ण काढायला मंदवृत्ताची सुधारलेली त्रिज्या पाहिजे आणि ती त्रिज्या काढायला कर्ण पाहिजे. मग एक किंमत धरायची, गणित करायचं, आलेली किंमत परत घालायची, मागच्या आणि पुढच्या उत्तरात फरक उरत नाही तोवर. 'अविशेष' होईपर्यंत. अचल बिंदूच की हा, फक्त वाटेच्या बाजूने नाव दिलेला. पुढे केरळातल्या माधवाने फेऱ्या न मारता थेट तो अविशिष्ट कर्ण काढायचं सूत्र दिलं, नीलकंठाने १५०० च्या सुमारास ते त्याच्या नावावर नोंदवलंय.

याच्या उलटा शब्द शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या भूमितीच्या प्राचीन ग्रंथांत आहे. २ चं वर्गमूळ तिथे जे दिलंय ते अपूर्णांकात ५७७/४०८ होतं आणि त्याला म्हटलंय 'सविशेष'. विशेष म्हणजे फरक हाच अर्थ धरला तर फरकासकट, म्हणजे पुरतं अचूक नाही हे नावातच कबूल केलेलं.

ॲप्रॉक्झिमेशनला 'अंदाज' नकोच, त्यात अंदाजपंचेचा वास येतो. इथे तर लेखी हमी असते. बानाखचं १९२२ चं प्रमेय सांगतं की अवकाश पूर्ण असेल आणि फलन आकुंचन करणारं असेल, म्हणजे कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर दर वेळी ठरावीक पटीने तरी कमी करत असेल, तर अचल बिंदू आहे, एकच आहे, आणि कुठूनही निघालात तरी पोचाल, शिवाय अमुक फेऱ्यांनंतर चूक जास्तीत जास्त एवढी. संख्या आणि '२ भागिले ती संख्या' यांची सरासरी काढत जा, १ पासून: ३/२, १७/१२, ५७७/४०८ (बघा कोण भेटलं). तीन फेऱ्यांनंतर प्रमेयाची हमी आहे की चूक ०.१२५ च्या आत, प्रत्यक्षात ती ०.०००००२ च्या आसपास आहे. पण फक्त अपूर्णांकांच्याच जगात राहिलात तर हे सगळे टप्पे त्या जगातले आणि मुक्काम मात्र बाहेर, कारण २ चं वर्गमूळ अपूर्णांकात बसत नाही. 'पूर्ण' ही अट त्यासाठी आहे. या जवळच्या किमतीला आर्यभटाचा 'आसन्न' घ्या, ४९९ मध्ये २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ देताना त्याने हाच शब्द घातलाय. मराठी माणसाला आधी आसन्नमरण आठवतं हे खरंय, पण तिथेही अर्थ जवळ येऊन ठेपलेलं असाच आहे, हरकत नसावी.

जाता जाता, थिअरी आणि थिअरम दोन्हीला 'सिद्धांत' लिहू नका, थिअरमला प्रमेय आहे. तर तुमच्या नोट्सचा मथळा मी असा लिहीन: 'अचल बिंदूंचा सिद्धांत आणि आसन्न किमतींच्या असकृत् रीती'. आणि वर्गात बोलताना खुशाल इटरेशन म्हणा, मीही तेच म्हणतो.