मोठ्या सागरी माशांसाठी टाकी केवढी असावी?

प्रश्न : आमच्याकडे ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आहे. तीत ब्लू टँग आणि एम्परर एंजल ठेवता येतील का? बेळगावच्या दुकानात दोन्ही मासे बोटभरच दिसले. — एक वाचक, खानापूर

उत्तर : कृपया ठेवू नका. टाकीचे माप माशाच्या आजच्या लांबीवरून नव्हे, तर पूर्ण वाढीवरून ठरवायचे असते; ब्लू टँग सुमारे ३० सेंटीमीटर आणि एम्परर एंजल ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तर तुमच्या टाकीची रुंदी जेमतेम ४५ सेंटीमीटर आहे. टँग दिवसभर पोहणारा मासा असल्याने त्याला उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची असते. अपुऱ्या जागेत तो काचेलगत सतत येरझाऱ्या घालतो आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठणाऱ्या रोगाला लवकर बळी पडतो.

तुमची टाकी काठोकाठ भरली तरी २५५ लिटरच पाणी मावेल. एकट्या ब्लू टँगसाठी ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच, म्हणजे सुमारे ६८० लिटरची टाकी आम्ही किमान मानतो. एम्परर एंजलला त्याहूनही मोठी हवी. एवढ्या खाऱ्या पाण्याचेच वजन ७०० किलोच्या आसपास भरते, म्हणून जुन्या घराच्या लाकडी माडीवर ती मुळीच मांडू नये. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीलाच सुमारे २४ किलो सागरी मीठ लागेल, आणि त्यासाठी बोअरचे नव्हे, आरओचे पाणी घ्यावे.

सध्याच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी मात्र सुखाने राहील.