दुकान बुडालं, 14 लाखांचं देणं आहे. दिवाळखोरीचा अर्ज केला तर तुरुंगात टाकतात का? कायदा आता सौम्य झालाय म्हणतात, खरं आहे का?

तुम्ही सातारचे, धंदा स्वतःच्या नावावर, देणं बँकेचं, पतसंस्थेचं आणि व्यापाऱ्यांचं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून सांगतो.

नुसते पैसे नाहीत म्हणून कोणी आत टाकत नाही. ऐपत असून जो न्यायालयाचा पैसे फेडण्याचा हुकूमनामा मुद्दाम बुडवतो, त्यालाच दिवाणी अटक होते. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलंय. तीही जास्तीत जास्त तीन महिने, आणि कैद्याच्या जेवणाचा खर्च धनकोच्या (ज्याचे पैसे द्यायचेत त्याच्या) खिशातून. चेक बाउन्स झाले असतील तर मात्र ते फौजदारी प्रकरण वेगळं चालतं.

कायदा सौम्य झाला हे अर्धंच खरं. 2016 च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत दिवाळखोर ठरल्यावर वर्षभरात मोकळीक आहे, पण व्यक्तींपैकी ती फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालीय, 1 डिसेंबर 2019 पासून. त्यातली कर्जमाफीची सोपी वाट सुरू झाली तरी ती 35 हजारांपर्यंतच्या देण्यासाठी, म्हणजे तुमची थट्टाच. तुम्हाला अजून 1920 चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच लागतो (मुंबईकरांना 1909 चा). त्यात पात्रतेला किमान देणं 500 रुपये! शंभर वर्षांत त्या आकड्याला कोणी हात लावलेला नाही.

अर्ज जिल्हा न्यायालयात. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम आणि स्वतःची सगळी मालमत्ता लिहायची. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं सुटतात. तारण ठेवलेलं घर बँक तरीही विकू शकते.

बहुतेकांची गाडी इथेच अडते: नादार ठरणं म्हणजे सुटका नव्हे. ऋणमुक्तीचा, म्हणजे देण्यातून मोकळं होण्याचा, अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत नादारीच्या आदेशातच लिहिलेली असते. ती हुकली की आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा दारात. ऋणमुक्तीच्या वेळी न्यायालय शेवटच्या तीन वर्षांच्या हिशोबाच्या वह्या मागतं. रोजकीर्द, खतावणी नसेल किंवा मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर बिनशर्त मुक्ती मिळत नाही. आठ आण्यांच्या बाबतीत दोष आपला नव्हता हे पटवता आलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे कोविडमधली मंदी, बुडालेली उधारी, जे काही कारण असेल त्याचे कागद आत्ताच जमवा.

प्लॉट बायकोच्या नावावर करायच्या भानगडीत पडू नका. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर ते रद्द होऊ शकतं. मेहुण्याचे उसने तेवढे आधी फेडले असतील, तर त्यासाठी ही मुदत तीन महिन्यांची.

आणि जामीनदार. तुमच्या ऋणमुक्तीने ते सुटत नाहीत. पतसंस्थेच्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याकडे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन वसुली अधिकारी जाऊ शकतो. अर्जाच्या आधी त्यांच्या घरी जाऊन हे सांगून या.